दोन आकडे, चार उत्तरे : घरातील विजेचा एक पाठ

आपल्या घरातील इस्त्री, गिझर किंवा पाण्याची मोटार नीट निरखून पाहिली, तर तिच्या अंगावर एक लहानशी पट्टी आढळते. तीवर काही आकडे छापलेले असतात : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १००० वॅट. बहुतेक घरांत ही पट्टी कोणी वाचत नाही. उपकरण चालते की नाही, एवढाच प्रश्न आपण विचारतो आणि ते बंद पडले की वायरमनला बोलावतो. वस्तुतः विजेचा दाब आणि तारेतून वाहणारी धारा, हे दोन आकडे हाती आले की चार प्रश्नांची उत्तरे आपल्याला स्वतः काढता येतात. उपकरणाचा रोध किती? त्याची शक्ती किती? महिन्याचा खर्च किती? आणि धोका नेमका कोठे?

हा हिशेब नवा नाही. इयत्ता नववीच्या ‘धाराविद्युत’ आणि दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठांत तो आलेला आहे. परंतु परीक्षेतील गुण मिळाले की सूत्र वहीत राहते आणि वीज भिंतीत राहते. दोहोंची गाठ पडत नाही. मी इतिहासाचा शिक्षक असूनही या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, त्याचे कारण हेच आहे. आपल्या समाजरचनेने हातातील कसब आणि डोक्यातील गणित यांची फाळणी शतकानुशतके जपली. ज्याच्या हाती पक्कड, त्याच्या हाती सूत्र येऊ दिले नाही. आणि ज्याच्या मुखी सूत्र, त्याने पक्कड कधी धरली नाही. आपल्या विद्यालयाचे कित्येक माजी विद्यार्थी आज आयटीआय करून विजेच्या कामात आहेत, आणि कित्येक पालक भाड्याच्या खोलीत राहून दरमहा विजेचे पैसे मोजतात. दोघांनाही हा हिशेब उपयोगी आहे.

नावांमागील माणसे

व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट ही चारही एकके माणसांच्या नावांवरून आलेली आहेत. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली धातूंच्या चकत्या एकावर एक रचून पहिली विद्युतघटमाला जगापुढे मांडली. फ्रान्सच्या आंद्रे-मारी अँपिअर यांनी १८२० नंतर विद्युतधारा आणि चुंबकत्व यांचे नाते गणिताने उलगडले. जेम्स वॉट यांचा संबंध विजेशी नव्हे, तर वाफेच्या यंत्राशी; काम करण्याच्या वेगाला त्यांचे नाव मिळाले.

यांपैकी गेओर्ग सिमोन ओहम यांची कथा शिक्षकांनी आणि पालकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे एका कुलूपकाराच्या घरी झाला. वडील स्वतःच्या बळावर गणित शिकले होते आणि त्यांनीच मुलांना ते शिकवले. पुढे ओहम कोलोन येथे शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील साधनांवर त्यांनी आपले संशोधन उभारले. त्या काळच्या विद्युतघटाचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्यांनी बिस्मथ आणि तांबे या धातूंच्या जोडाचे एक टोक बर्फात आणि दुसरे उकळत्या पाण्यात ठेवले व त्यातून मिळणारा स्थिर दाब वापरला. निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी धारा मोजली आणि १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जर्मनीतील विद्वानांनी त्याचे थंडपणे स्वागत केले. ओहम यांनी नोकरीही सोडली. अखेर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. १८८१ साली पॅरिस येथे विद्युततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा रोधाच्या एककाला या कुलूपकाराच्या मुलाचे नाव देण्यात आले.

पहिले उत्तर : रोध

गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा जोर अधिक. विजेच्या बाबतीत हा जोर म्हणजे विभवांतर, ज्याला आपण व्यवहारात व्होल्टेज किंवा दाब म्हणतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर सेकंदाला जितके पाणी वाहते, ती झाली धारा. विजेची धारा अँपिअरमध्ये मोजतात. नळी अरुंद आणि लांब असेल, तर पाण्याला अडथळा जास्त. हा अडथळा म्हणजे रोध; तो ओहममध्ये मोजतात. ओहमचा नियम सांगतो की तारेचे तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असेल, तर दाब दुप्पट केल्यास धाराही दुप्पट होते. म्हणून :

दाब = धारा × रोध

धारा = दाब ÷ रोध

रोध = दाब ÷ धारा

एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. वायरमनजवळ तारेभोवती अडकवून धारा मोजणारा टाँग टेस्टर असतो. इस्त्री सुरू असताना त्याने २३० व्होल्ट दाब आणि ४.३५ अँपिअर धारा मोजली. इस्त्रीचा रोध २३० ÷ ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम. गिझरला ८.७ अँपिअर धारा लागली, तर त्याचा रोध २३० ÷ ८.७, म्हणजे सुमारे २६.४ ओहम. जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बमधून ०.२६ अँपिअर धारा वाहिली, तर त्याचा रोध सुमारे ८८५ ओहम.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. बल्बचा हा रोध तो पेटलेला असतानाचा आहे. थंड बल्बची तार मल्टिमीटरने मोजली, तर रोध याच्या कितीतरी कमी भरतो, कारण धातू तापला की त्याचा रोध वाढतो. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा पंख्याची मोटार यांना ‘दाब भागिले धारा’ हे सूत्र असे सरळ लावता येत नाही. इस्त्री, गिझर, शेगडी, केटली अशा केवळ उष्णता देणाऱ्या उपकरणांना ते चोख लागू पडते.

दुसरे उत्तर : शक्ती

दर सेकंदाला उपकरण किती ऊर्जा वापरते, ती त्याची विद्युतशक्ती. तिचे सूत्र सर्वांत सोपे :

शक्ती = दाब × धारा

इस्त्री : २३० × ४.३५ = सुमारे १००० वॅट. गिझर : २३० × ८.७ = सुमारे २००० वॅट. बल्ब : २३० × ०.२६ = सुमारे ६० वॅट. मोटार असलेल्या उपकरणांत हा गुणाकार प्रत्यक्ष वॅटपेक्षा थोडा जास्त येतो. त्यासाठी शक्तिगुणक नावाची आणखी एक संख्या लागते. तेथे पट्टीवरील वॅट हाच आकडा धरावा.

या सूत्रात ओहमचा नियम मिसळला की आणखी दोन सूत्रे मिळतात :

शक्ती = धारा × धारा × रोध

शक्ती = दाब × दाब ÷ रोध

चाणाक्ष विद्यार्थी येथे हमखास अडतो आणि त्याने अडावेच. पहिल्या सूत्रात रोध वाढला की शक्ती वाढते. दुसऱ्यात रोध वाढला की शक्ती घटते. मग खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. फरक स्थिर काय राहते याचा आहे. घरातील उपकरणे समांतर जोडणीत असतात. प्रत्येकाला तोच २३० व्होल्टचा दाब मिळतो. दाब स्थिर असताना ज्याचा रोध कमी, त्याची धारा जास्त आणि शक्तीही जास्त. म्हणूनच गिझरचा रोध २६ ओहम आणि बल्बचा ८८५. याउलट भिंतीतील तार, प्लगची पिन आणि तारेचा सांधा ही सर्व गिझरशी एकसरीत असतात. त्या सर्वांतून तीच ८.७ अँपिअरची धारा जाते. धारा स्थिर असताना ज्याचा रोध जास्त, तेथे उष्णता जास्त. हा भेद कळला की घरातील विजेचे निम्मे कोडे सुटते, आणि आग कोठे लागते हेही कळते.

दाब कमी झाला तर काय होते, हेही याच सूत्रांनी पाहू. चाळीच्या शेवटच्या खोलीत सायंकाळी दाब १८० व्होल्टवर आला असे समजा. इस्त्रीचा रोध तोच, ५३ ओहम. धारा १८० ÷ ५३, म्हणजे ३.४ अँपिअर, शक्ती १८० × ३.४, म्हणजे ६१२ वॅट. दाब जेमतेम पाचव्या भागाने घटला, पण शक्ती १००० वरून ६१२ वर आली. कपड्याची सुरकुती का मोडत नाही, याचे उत्तर इस्त्रीत नाही. ते तारेत आहे.

तिसरे उत्तर : धोका कोठे

धारेमुळे निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी १८४१ साली दाखवून दिले. धारा दुप्पट, तर उष्णता चौपट. हा नियम भिंतीतील तारेलाही तितकाच लागू आहे.

गिझरसाठी एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरली आणि मीटरपासून न्हाणीघर २० मीटर दूर आहे, असे समजा. वीज जाते आणि परत येते, म्हणून एकूण लांबी ४० मीटर. एवढ्या तारेचा रोध सुमारे ०.६९ ओहम. त्यात वाया जाणारी शक्ती ८.७ × ८.७ × ०.६९, म्हणजे सुमारे ५२ वॅट. एवढी शक्ती भिंत तापवण्यात जाते आणि तिचेही पैसे आपणच भरतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर रोध ०.२७५ ओहम आणि नुकसान सुमारे २१ वॅट. जाड तारेचे जादा पैसे म्हणजे उधळपट्टी नव्हे.

तरीही ४० मीटर लांबीत पसरलेले ५२ वॅट सहसा आग लावत नाहीत. खरा शत्रू आहे ढिला सांधा. दोन तारांना नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि त्या एका सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला, असे समजा. ८.७ × ८.७ × ०.५ म्हणजे सुमारे ३८ वॅट, तेही वाटाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची कांडी २५ वॅटची असते आणि ती धातू वितळवते. ढिला सांधा म्हणजे भिंतीत विसरलेली पेटती कांडी होय.

मिरा-भाईंदरकरांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तन-चौकचा समुद्र आणि मध्ये मिठागरे, असे आपले गाव. येथील दमट, खारी हवा तांब्या-पितळेवर थर चढवते. सॉकेटच्या पट्ट्यांवर आणि सांध्यांवर हा थर बसला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंग सैल होते आणि रोध आणखी वाढतो. प्लग गरम लागणे, सॉकेट पिवळे पडणे किंवा जळका वास येणे या तिन्ही खुणा या चक्राच्या आहेत. त्या दिसताच सॉकेट बदलावे. चिकटपट्टीने भागवू नये.

आता प्लगकडे वळू. आपल्याकडे लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे असते. १००० वॅटची इस्त्री, १५०० वॅटची केटली आणि ५०० वॅटचा मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालवले, तर एकूण ३००० वॅट. धारा ३००० ÷ २३०, म्हणजे सुमारे १३ अँपिअर. बोर्डाला छिद्रे सहा असली, तरी त्याची तार एकच आहे आणि तिची सोसण्याची शक्ती ६ अँपिअर. धारा सोसण्यापलीकडे दुपटीहून जास्त झाली, म्हणजे तारेतील उष्णता चौपटीहून जास्त झाली.

अशा वेळी फ्यूज वितळतो किंवा एमसीबी पडते. ते उपकरण आपले रक्षण करत असते. वारंवार फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे, किंवा एमसीबी पडते म्हणून मोठ्या अँपिअरची बसवणे, म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे. एमसीबी तारेच्या कुवतीनुसार निवडायची असते, आपल्या सोयीनुसार नव्हे.

माणसाचे शरीरही एक रोध आहे

हा भाग पालकांनी मुलांना अवश्य वाचून दाखवावा. कोरड्या त्वचेच्या शरीराचा रोध एक लाख ओहमपर्यंतही असू शकतो. २३० ÷ १,००,००० म्हणजे ०.००२३ अँपिअर, अर्थात २.३ मिलिअँपिअर. एवढ्या धारेने झिणझिण्या येतात. त्वचा भिजली की रोध घटून सुमारे १००० ओहमवर येतो. मग धारा २३० ÷ १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. एवढी धारा छातीतून गेली तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन प्राण जातो. बल्बला लागणाऱ्या धारेपेक्षाही ही कमी आहे.

दाब तोच, बटण तेच. फरक केवळ ओल्या हाताचा. कोरड्या हातावरही भरवसा ठेवू नये, कारण एवढ्या दाबाखाली त्वचेचा रोध क्षणात ढासळू शकतो. पावसाळ्यात पाणी शिरलेल्या तळमजल्याच्या खोलीत मेन स्विचला हात लावण्यापूर्वी हा भागाकार आठवावा.

येथे एक प्रश्न उद्भवतो : एमसीबी माणसाला वाचवत नाही का? १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे कार्य करते. माणसाला मारायला त्याचा सत्तरावा भागही पुरे. म्हणून आरसीसीबी हे वेगळे उपकरण लागते. जाणारी आणि परतणारी धारा यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तर ते निमिषात वीज तोडते. त्याच्या जोडीला चांगले अर्थिंग हवे. त्याची तार जमिनीकडे जाणारी अतिशय कमी रोधाची वाट देते. गिझरच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती आपल्या १००० ओहमच्या देहाऐवजी मुख्यत्वे त्या वाटेने जाते. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन ती हीच. ती कापून प्लग बसवणे म्हणजे स्वतःच्या देहाला ती वाट बनवणे होय.

चौथे उत्तर : खर्च

१००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. म्हणून :

युनिट = वॅट × तास ÷ १०००

एका वसतिगृहाच्या मोठ्या दालनात ७५ वॅटचे २० पंखे रोज १० तास चालतात, असे धरू. ७५ × २० × १० ÷ १००० म्हणजे १५ युनिट रोज. ३० दिवसांचे ४५० युनिट. त्याऐवजी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले, तर महिन्याला १८० युनिट. बचत २७० युनिटांची. महाराष्ट्रात घरगुती बिलाचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातात. म्हणून घरी वाचलेला युनिट हा बहुधा सर्वांत महागड्या टप्प्यातील असतो.

मीटर बरोबर चालतो का, हेही घरबसल्या ताडता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एक संख्या लिहिलेली असते. उदाहरणार्थ, एका युनिटला ३२०० स्पंद. घरातील सर्व काही बंद करावे आणि फक्त १००० वॅटची इस्त्री सुरू करावी. १००० वॅटचा एक युनिट होण्यास ३६०० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३२०० स्पंद, म्हणजे दहा स्पंदांना सुमारे ११ सेकंद. घड्याळ हाती घेऊन मोजावे. दाब थोडा कमी-अधिक असल्यास सेकंद थोडे बदलतील. परंतु दहा स्पंद सहाच सेकंदांत उरकले, तर मीटर तपासून घेण्याची लेखी मागणी करण्यास सबळ कारण मिळाले. भाड्याच्या खोलीत घरमालकाने लावलेल्या सबमीटरचीही हीच परीक्षा घेता येते. सर्व उपकरणे बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर कोठेतरी धारा गळते आहे किंवा आपल्या मीटरवरून दुसरा कोणी वीज घेतो आहे, असा तर्क करता येतो. तक्रार करताना आवाज चढवण्यापेक्षा आकडा पुढे ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.

खोपोलीपासून आपल्या घरापर्यंत

हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर कसे चालते, ते महाराष्ट्राच्या इतिहासात दिसते. १९१५ साली टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा-वळवणच्या तलावांतील पाणी घाटाखाली सोडून तयार झालेली वीज सुमारे ७० किलोमीटरवरील मुंबईस, परळ येथे आणली गेली. ती एक लाख व्होल्टच्या आसपासच्या दाबाने का आणली?

सोपा हिशेब करू. दहा लाख वॅट शक्ती न्यायची आहे आणि वाहिनीचा रोध १० ओहम आहे, असे धरा. दाब दहा हजार व्होल्ट ठेवला, तर धारा १०० अँपिअर. वाटेत नुकसान १०० × १०० × १०, म्हणजे एक लाख वॅट. दशांश वीज वाटेतच गेली. दाब एक लाख व्होल्ट केला, तर धारा १० अँपिअर. नुकसान १० × १० × १०, म्हणजे केवळ एक हजार वॅट. दाब दहापट, नुकसान शंभरावा हिस्सा. डोंगरावरून जाणाऱ्या उंच मनोऱ्यांचे आणि आपल्या वस्तीजवळील ट्रान्सफॉर्मरचे रहस्य एवढेच आहे.

त्या विजेवर मुंबईतील गिरण्यांची चाके फिरू लागली. परंतु त्या गिरण्यांत राबणाऱ्यांच्या खोल्यांत रॉकेलचा दिवा पुढेही बराच काळ राहिला. वीज कोणासाठी, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.

हा प्रश्न धोरणाच्या पातळीवर ज्यांनी हाताळला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्थान महत्त्वाचे आहे. संविधानाचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना जाणतो; परंतु जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना वीज व सिंचन हे विषयही त्यांच्या खात्यात होते, हे अनेकांना ठाऊक नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्ली येथे सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती यांविषयीच्या धोरण समितीपुढे त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. देशाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्याचा मार्ग औद्योगिकीकरणातून जातो, आणि स्वस्त व मुबलक विजेविना ते यशस्वी होणार नाही, अशी मांडणी त्यांनी केली. वीज राज्याच्या हाती असावी की खाजगी कंपन्यांच्या, हा प्रश्नही त्यांनी तेथे उपस्थित केला. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. जानेवारी १९४५ मध्ये कोलकाता येथे झालेल्या दामोदर खोऱ्याच्या परिषदेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज या तिन्हींचा एकत्रित विचार त्यांच्या अध्यक्षतेखाली झाला. पुढे १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली.

‘स्वस्त आणि मुबलक’ या दोन शब्दांना आपण तिसरा जोडायला हवा : समजलेली. वीज घरात आली, पण तिचा हिशेब घरातील कोणालाच करता येत नसेल, तर आपले अवलंबित्व केवळ रूप बदलते. बिल देणारा सांगेल ते खरे, आणि वायरमन जोडेल ते बरोबर, असे होऊन बसते. उलट घरातील नववीच्या मुलीने पट्टी वाचून, भागाकार करून ‘आई, हा बोर्ड गिझरचा भार सोसणार नाही’ असे सांगितले, तर शिक्षणाचा उपयोग त्या घराने त्याच दिवशी पाहिला.

स्वाध्याय

पुढील चार प्रश्न मुलांनी सोडवावेत आणि पालकांनी शेजारी बसावे. घरचा दाब २३० व्होल्ट धरावा.

१. एका इस्त्रीतून ३.२६ अँपिअर धारा वाहते. तिचा रोध आणि शक्ती काढा.

२. १५०० वॅटची केटली ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवावी का? हिशेबासह सांगा.

३. सॉकेटच्या ढिल्या पट्टीचा रोध ०.३ ओहम आहे आणि तीतून १३ अँपिअर धारा जाते. तेथे किती वॅट उष्णता निर्माण होईल?

४. ७५० वॅटची इस्त्री रोज अर्धा तास वापरली, तर ३० दिवसांत किती युनिट होतील?

उत्तरे : १. सुमारे ७०.६ ओहम, ७५० वॅट. २. चालवू नये, धारा ६.५२ अँपिअर होते. ३. सुमारे ५१ वॅट. ४. ११.२५ युनिट.

आकडेमोड झाल्यावर घरातील प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवरील वॅट एका वहीत उतरवावेत, त्यापुढे अँपिअर काढून लिहावेत आणि ते उपकरण कोणत्या सॉकेटवर चालते हेही नोंदवावे. तारा उघडण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडेच सोपवावे. तो आला की ही वही त्याच्यापुढे ठेवावी. तो आपल्या विद्यालयाचा माजी विद्यार्थी निघाला, तर ती पाहून त्याला निश्चितच आनंद होईल.